जागलीची बंदूक

वाशीम जिल्ह्यात तुरीच्या रानात रोही, रानडुकरं शिरली की जागल आलीच. पीकरक्षणासाठी शस्त्र अधिनियम 1959 नुसार ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. तो शिकारीचा परवाना मात्र नव्हे.

बंदूक कायम भरलेलीच आहे असं धरा. तोंड माणसाकडे नको, चापावर बोट नको. रिकामी आहे का हे तपासताना आधी घोड्याखालची टोपी काढा, मग नळीसमोर न येता गज आत सोडा. तळाला टेकला नाही तर आत बार आहे. अंधारात पान हललं म्हणून बार काढू नका. शेजारच्या धुऱ्यावर आपलाच माणूस जागलीला असतो! घरी बंदूक रिकामी, कुलपात, दारू-छरे वेगळे. आणि लग्नात बेदरकार बार काढला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.