लक्ष्मणराव किर्लोस्कर : एकट्याच्या कामाचा उद्योग कसा झाला

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या पिढीत खुर्सीपारच्या घराघरांत उपजीविकेचा प्रश्न एका शब्दात सुटत असे : कारखाना. आज कायम नोकऱ्या पूर्वीच्या मानाने फार थोड्या उरल्या आहेत आणि मुले स्वतःच्या बळावर कामे घेऊ लागली आहेत. कोणी घरातल्या एका खोलीत संगणकावर यंत्रभागांची रेखाचित्रे काढतो, कोणी एका लेथवर हथखोजच्या कारखान्यांसाठी सुटे भाग कातून देतो, कोणी दुकानदारांचे कराचे हिशेब लिहिते. काम चांगले असले तर गिऱ्हाईक वाढते, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते. दिवसाचे तास तेवढेच, हात दोनच. आठ दिवस ताप आला की मिळकतही अंथरूण धरते.

या अडचणीतून वाट काढलेला मराठी माणूस शोधू गेल्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी थांबावे लागते. त्यांचे चरित्र शाळेत सांगितले जाते ते बहुधा चिकाटीची कथा म्हणून. तिच्यातला दुसरा भाग अधिक उपयोगाचा आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. रंगांतला भेद डोळ्यांना नीट कळत नाही, असे तेथे लक्षात आले आणि चित्रकला सुटली. पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणराव यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. नोकरी करता करताच १८८८ साली बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन पाठवीत. रामूअण्णा त्या बेळगावात विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले असे दिसताच लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

ही कामाची वाटणी किरकोळ वाटते. परंतु खरेदी करणारा एक आणि गिऱ्हाईक सांभाळणारा दुसरा, हे त्या दुकानात पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. एकट्याने काम करणाऱ्या पुष्कळ हुशार माणसांना ही एवढीच गोष्ट आयुष्यभर साधत नाही. कारण गिऱ्हाईकाशी आपल्यावाचून कोणी बोलू शकणार नाही, अशी त्यांची खात्री असते.

बेळगावात आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे २ वर्षे लागली, असे सांगतात. त्या काळात मालाचा ढीग पाहून कारखाना मोडावा, असे कोणालाही वाटले असते. नांगर खपू लागले तोच जागेचे संकट आले : बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याला जागा सोडण्यास सांगितले. त्या सुमारास औंधच्या देवालयाच्या मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १९१० साली २५ कामगार आपापली कुटुंबे घेऊन निवडुंगाच्या आणि नागांच्या त्या माळावर राहावयास गेले. तीच किर्लोस्करवाडी.

राजाचा आश्रय प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही, हे खरे. म्हणून या कथेत जमीन आणि कर्ज यांच्याकडे थोडे कमी पाहावे आणि त्या माळावर कोण कोण गेले याकडे अधिक पाहावे. आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे होता. यंत्रे बिघडली, कामगारांत काही अडले, की शंभूराव जांभेकर पुढे होत. लोकांशी संबंध जोडणे के. के. कुलकर्णी यांना साधे. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले, पण कल्पक अभियंता ठरले. हिशेब मंगेशराव रेगे पाहत. चरित्रांत रेग्यांची ओळख दोन ओळींत आटोपते. पण नांगरावर लक्ष ठेवणाऱ्याच्या मनात वहीची काळजी उरली नाही, याचे मोल मोठे आहे. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांनीही दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेली होती. ज्यांना गावाने दाराशी उभे केले नसते, त्यांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या देणे हे भोळेपणाचे काम नव्हते. त्यासाठी माणूस पारखावा लागतो आणि पारखून झाल्यावर आपली झोप त्याच्यावर सोपवावी लागते.

येथे एकट्याच्या कामाचा उद्योग झाला. आपले कसब कोणाला तरी शिकवायचे, पहिली काही कामे त्याच्याकडून आपल्यापेक्षा वाईट होणार हे सोसायचे, आणि गिऱ्हाईकासमोर त्या कामाची जबाबदारी मात्र आपण घ्यायची : यात भांडवलापेक्षा अभिमान अधिक खर्ची पडतो. लक्ष्मणराव स्वतः शिक्षक होते, म्हणूनच कदाचित त्यांना हे जड गेले नाही. चुकणाऱ्या विद्यार्थ्याला पाहून शिक्षक पेन्सिल हिसकावून घेत नाही.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. जेथे दिवसरात्र पोलाद ओतले जाते त्या भिलाईत बसून या टंचाईची कल्पनाही करणे कठीण आहे. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. दोन भावांच्या दुकानाचा हिशेब आता भागधारकांना दाखवावा लागणार होता. पंप आणि तेलावरची इंजिने यथाकाल आली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स स्थापन झाली. तो इतिहास सर्वपरिचित आहे.

खुर्सीपारच्या तरुणास यातून आजच उचलता येईल असे काही असेल, तर ते क्रमाचे आहे. सहसा आधी मोठी जागा घेतली जाते, मग दुसरे यंत्र, आणि माणूस सर्वांत शेवटी, तोही स्वस्तात स्वस्त. किर्लोस्करांकडे दुकान होते तेव्हाच रामूअण्णा होते. ३२ एकर नंतर आले. रेखाचित्रे काढणाऱ्याने प्रथम मदतीस घ्यावा तो दुसरा आरेखक नव्हे, तर बिले वेळेवर पाठवून पैशांचा पाठपुरावा करणारा माणूस. कारण लहान कारखाने कामाअभावी जितके बुडतात, तितकेच येणे अडकल्याने बुडतात. पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. मोठ्या गिऱ्हाईकाचे पैसे मात्र सावकाश येतात. पहिला माणूस नेमण्यापूर्वी त्याच्या निदान तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम बाजूला काढलेली असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे मालाच्या स्वीकृतीपासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. या हक्कासाठी उद्यम नोंदणी लागते, आणि ती विनाशुल्क होते. गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने हा हक्क मागण्यास पुष्कळजण कचरतात, आणि ती भीती निराधार नाही. म्हणून मुदत आणि व्याज यांचा उल्लेख भांडणाच्या वेळी न करता पहिल्याच कोटेशनमध्ये, छापील ओळीत, करून ठेवावा.