पीस निसटू नये म्हणून

 

डिंभे, माणिकडोह, येडगाव ही आपली धरणं. मासा म्हटलं की आपल्याला जाळं आठवतं. पण हौशी लोक गळाला गांडूळ न लावता पिसं बांधतात. पाण्यात ती किड्यासारखी दिसतात. याला ‘फ्लाय’ म्हणतात. आफ्रिकेतल्या केनियात अनेक बायका हे काम हाताने करतात आणि माल परदेशी जातो.

गेल्या वर्षी आमच्या गटाने असे 60 नग बांधले. घेणाऱ्याने एक पाण्यात भिजवला, पीस चिमटीत धरून ओढलं, तर ते हातातच आलं. 22 नग परत आले. गळ आणि धागा बचतीच्या पैशातले. मासिक बैठकीत तो खर्च मांडताना आम्हाला फार अवघड गेलं. मग आम्ही चूक शोधली.

पहिली चूक, उघड्या गळावर पीस बांधलं. लोखंड गुळगुळीत, म्हणून पीस फिरतं. आधी दांडीवर धाग्याचे वेढे एकाला एक लागून घ्यावेत. धाग्याला थोडं मेण चोळलं की पकड येते.

दुसरी चूक, पिसाच्या देठाची मऊ लव तशीच ठेवली. ती काढून देठ उघडा करावा. वेढे लवेवर नाही, देठावर बसले पाहिजेत.

तिसरी चूक, पहिलाच वेढा जोरात ओढला. त्याने पीस बाजूला सरकतं. पीस आणि धागा अंगठा-बोटाच्या चिमटीत धरा, दोन वेढे सैल घ्या, मग धागा सरळ खाली ओढून आवळा. त्यावर तीन-चार घट्ट वेढे. उरलेला देठ मागे दुमडून त्यावरही वेढे घ्या. दुमडलेला देठ सहसा निसटत नाही. धागा तुटेल इतका ताण मात्र देऊ नका.

शेवटी गळाच्या डोळ्याजवळ तीन गाठी आणि त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब. डोळा बुजू देऊ नका, तिथूनच दोर जातो.

पिसं घरच्या गावरान कोंबड्याच्या मानेची घ्यावीत. साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. मोराचं पीस वापरू नका. मोर हा संरक्षित पक्षी आहे आणि त्याची पिसं परदेशी पाठवायला बंदी आहे. गळाचं टोक लाकडात किंवा थर्माकोलमध्ये खोचून ठेवा, लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

आता आम्ही दर दहा नगांमागे एक भिजवून, ओढून बघतो. पीस सुटलं तर ते दहाही पुन्हा बांधतो. वेळ जातो, पण माल परत येत नाही आणि बैठकीत मान खाली घालावी लागत नाही.

मैत्रिणींनो, तुम्हीही आधी दहाच बांधा, ओढून बघा, मगच ऑर्डर घ्या.