इतलं बोलना, पानी बी पिधं नही



इथून पाहतो तर पुढे तुम्हा पदवीधरांचे काळे गाऊन आणि मागे तुमच्या आईबापांच्या टोप्या, उपरणी, डोक्यावरचे पदर. तीन-चार जण अजून दारातच उभे आहेत. खुर्च्या रिकाम्या आहेत, तरी ते बसायचे नाहीत. मला हा स्वभाव ठाऊक आहे. माझा बाप असाच उभा होता.

गोष्ट १९८५ सालची. मी नरडाण्याहून सकाळच्या पॅसेंजरने अमळनेरला, प्रताप कॉलेजात जायचो. फी कापसावर अवलंबून. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीचे ते दिवस. कापूस केंद्रावर घातला की चुकारा हप्त्याहप्त्याने यायचा आणि माझी फीही तशीच, अडखळत भरली जायची. शेवटच्या वर्षी निरोप समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायला मला उभं केलं. घरी मी नुसतं सांगितलं, या म्हणालो नव्हतो. खरं तर त्यांनी येऊ नये असंच वाटत होतं. मळकं धोतर, हातात कापडी पिशवी, आणि तोंडी अहिराणी.

भाषण आठ दिवस घोकलं होतं. त्यात ज्ञानगंगा होती, कृतज्ञतेचा सागर होता, दीपस्तंभ तर दोन होते. अहिराणीचा एक शब्द नव्हता. तो निसटू नये म्हणून तर घोकंपट्टी. पहिला दीपस्तंभ पार केला आणि खिडकीच्या गजांपलीकडे ओळखीची टोपी दिसली. मी नजर वळवली ती शेवटपर्यंत तिकडे नेली नाही.

परतीच्या गाडीत बराच वेळ दोघंही गप्प. बेटावद गेलं तेव्हा वडील म्हणाले, "इतलं बोलना, पानी बी पिधं नही."

एवढंच. मला राग आला. सात मिनिटांच्या माझ्या वक्तृत्वाची ही पावती! पुढे कितीतरी वर्षांनी पिठाच्या गिरणीवाल्याने सांगितलं की तुझा बाप महिनाभर पारावर त्याच भाषणाबद्दल बोलत होता. पारावर ते सात मिनिटांचं अर्धा तास झालं, मग तास झालं. टाळ्याही वाढत गेल्या असणार. पोराच्या तोंडावर कौतुक केलं तर नजर लागते, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्यामुळे आपलं कौतुक सगळ्या गावाला माहीत असतं, आपल्यालाच नसतं.

तेव्हा आपल्या भागातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पदवीदान पुण्यात. तिथवर जायचं भाडं आणि मुक्काम कोणाला परवडणार? माझी पदवी पोस्टाने आली, पुठ्ठ्याच्या नळीत. वडील दुसरी शिकलेले. त्यांनी हात धोतराला पुसले, कागद उलगडला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि तो ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी ठेवला. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि पुणं थोडं लांब राहिलं तरी चालेल असं झालं. आज तुमचा समारंभ तर गावातच आहे. माझ्या बापाला गाडी पकडावी लागली होती. तुमचे आईबाप शेतातून परस्पर आले आहेत.

२०१८ पासून या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आज मिळणाऱ्या कागदावर ते नीट बघा. असोद्याच्या या बाईंना अक्षरओळख नव्हती. पदवी देणाऱ्या संस्थेवर, ज्यांनी पाटी हातात धरली नाही अशा बाईंचं नाव आहे, आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही, हे मला फार आवडतं. सांगतात ते असं: त्यांचा मुलगा सोपानदेव शाळेत जात. पाठ्यपुस्तकातली सावित्रीची गोष्ट त्यांनी घरी येऊन आईला सांगितली, आणि सकाळी पाहावं तर आईने त्या गोष्टीचं गाणं रचलेलं! मग मुलाने आईची गाणी कागदावर उतरवायला घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आईच्या हाती ते पडलं नाही.

मला त्यात कवितेइतकाच तो पोरगा महत्त्वाचा वाटतो. धडा वाचला आणि तो आईला सांगावासा वाटला. तिला काय कळणार, असं तो म्हणाला नाही. मी म्हणालो होतो. तोंडाने नाही, पण आठ दिवस घोकत होतो तेव्हा दुसरं काय म्हणत होतो? तुम्ही कॉमर्स शिकला असाल, रसायनशास्त्र शिकला असाल. आज रात्री भाकरी होत असताना चुलीपाशी बसा आणि तीन वर्षांत काय शिकलात ते अहिराणीत सांगून बघा. अवघड जाईल. परीक्षेपेक्षा अवघड.

साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड तुम्हाला माहीत आहेत. वडील जन्माआधीच गेले, आईने दारू विकून घर चालवलं. मुलगा आधी डॉक्टर आणि मग कलेक्टर झाला. ते स्वतःच सांगतात की निकाल लागला तेव्हा आईला या पदाचा अर्थ माहीत नव्हता, आणि काही शेजाऱ्यांनी तर कंडक्टर झाला म्हणून अभिनंदन केलं. लोक या गोष्टीवर हसतात. हसण्याआधी एवढं आठवा की खेड्यात कलेक्टर कोणी पाहिलेला नसतो. कंडक्टर रोज दिसतो. त्याने दोरी ओढल्याशिवाय एसटी हलत नाही. आणि त्या आईला पदाचं नाव कळेपर्यंत आनंद थांबवून ठेवायचं काही कारणही नव्हतं.

आता माझी फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने तिच्या पदवीदानाला भाषण केलं. इंग्रजीत. मला इंग्रजी येतं, आयुष्यभर शिकवलं आहे. पहिली दोन वाक्यं नीट ऐकली. मग लक्षात आलं की तिचा आवाज कोरडा पडतोय आणि समोरच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. त्यापुढचं एकही वाक्य माझ्या कानात शिरलं नाही. मी बाटलीकडे बघत राहिलो. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "पप्पा, कसं झालं?" मी म्हणालो, "पाणी का नाही प्यायलीस?"

तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी एकदा बेटावद आणि नरडाण्याच्या मधे कोणाकडे तरी पाहिलं होतं. भाषण मी रात्री मोबाईलवर ऐकलं. चांगलं होतं. एकही दीपस्तंभ नव्हता.

माझ्यानंतर तुमच्या वतीने एक मुलगी बोलणार आहे, असं पत्रिकेत दिसतंय. मघापासून ती हातातल्या कागदाची घडी घालते आहे आणि उलगडते आहे. तिची आई कोणती, हेही मला इथून कळतंय, विचारावं लागलं नाही. तेव्हा मी आवरतो. माईंना कोणीतरी पुढे आणून बसवा, मागच्या स्पीकरचा आवाज फाटतोय. आणि माईकजवळ पाण्याचा ग्लास ठेवा.