पहिल्या तारखेचा पगार



खंडाळ्यात बोलायचं म्हणजे मला जरा अवघडच वाटतंय. पलीकडे लोणावळ्यात माझं घर आहे आणि अब्बा शेवटच्या रांगेत बसलेत. त्यामुळे वाढवून काही सांगता येणार नाही.

अब्बा रेल्वेत गँगमन होते. कुठे दरड कोसळलीय का ते बघत पावसाळ्यात रात्री घाटातल्या रुळांवरून चालायचे. पक्की नोकरी म्हणजे आमच्या घरची इज्जत. मी बी. कॉम. करून पिंपरीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले. सात वर्षं लोणावळा-पुणे लोकलने ये-जा केली. गाडीत बसायला जागा मिळाली की वहीत समोरची माणसं काढायची. त्या वह्या बघून मुलांच्या पुस्तकांच्या चित्रांची कामं यायला लागली.

नोकरी सोडते म्हटल्यावर अब्बा म्हणाले, "बेटा, भाड्याचं घर बघायला गेलं की आधी नाव विचारतात, मग सॅलरी स्लिप. नाव आहे तेच राहणार. स्लिपसुद्धा घालवतेस?" रेल्वेचं क्वार्टर सोडल्यावर तीन महिने घर शोधताना मी हे पाहिलं होतं. तरी दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे गाठीला ठेवून मी राजीनामा दिला.

सहाव्या महिन्यात हात रिकामा झाला. एका प्रकाशकाने पैसे अडकवले. दुसऱ्याने पुढच्या आवृत्तीत माझीच चित्रं छापली, ना नाव ना मोबदला. कागदावर मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. धाकट्या भावाची फी अब्बांनी पेन्शनमधून भरली आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. मग मी एका दुकानदाराचे जीएसटीचे हिशेब बघायला लागले, आठवड्यातून तीन दिवस. त्या वेळी वाटायचं, आपण हरलो.

त्याच दिवसांत एम. एफ. हुसेन यांच्याविषयी वाचलं. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेला हा माणूस मुंबईत पोटासाठी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचा. पुढे लग्न झालं, तेव्हा त्यांनी खेळणी आणि मुलांचं फर्निचर बनवणाऱ्या कंपनीत काम केलं. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले, तेव्हा तिशी ओलांडली होती. म्हणजे पोटाचं काम आणि चित्र, दोन्ही कितीतरी वर्षं शेजारी शेजारी चाललं. आपल्याला फक्त नंतरचे, अनवाणी फिरणारे हुसेन माहीत असतात.

आपला घाट बघा. १ फूट चढायला ३७ फूट जायचं, इतका खडा चढ. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, आपण त्यांना बँकर म्हणतो. लोणावळ्याला ती सुटतात. ती जोडली म्हणून गाडीला कुणी कमजोर म्हणत नाही. हिशेबाचं काम माझा बँकर होता. अडीच वर्षांनी सुटला.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगते. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका. त्या खर्चात अम्मीची औषधं आणि भावंडांची फीसुद्धा धरा. अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय काम सुरू करू नका, ओळखीचा माणूस असला तरी. आणि करार लेखी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी मोबदला देऊन आपल्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. हे मी आधी वाचलं असतं, तर दुसऱ्या आवृत्तीबद्दल आधीच लिहून घेतलं असतं.

विशेषतः मुलींना सांगते. घरचे नाही म्हणाले की लगेच त्यांना दुश्मन समजू नका. त्यांच्या भीतीतला खरा भाग कोणता, तेवढा वेगळा काढा आणि त्याचा बंदोबस्त करा. उरलेल्या भागासाठी खुशाल भांडा.

माझ्या येण्याची वही आता अब्बा ठेवतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चष्मा लावून बसतात आणि विचारतात, "कुणाचे राहिलेत?" ज्यांचे राहिलेत त्यांना फोनही तेच करतात. माझ्यापेक्षा त्यांच्या फोनने पैसे लवकर येतात.

आता प्रश्न विचारा. पैशांचेसुद्धा विचारा, लाजू नका.