सोंगं निघाली बोहाड्याला

जव्हारला गेलात तर मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा पाहालच. पण या भागाची कला अनुभवायची तर जव्हार-मोखाड्याचा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव गाठा. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगीत मुखवटे चढवून गणपती, नरसिंह, रावण अशी सोंगं रात्रभर निघतात. संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर एकेक सोंग नाचत पुढे सरकतं. अनेक सोंगांचा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांकडे असतो. शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध रंगतं.

वारली पाड्यांवर तारपाही ऐका. सुकवलेला भोपळा, बांबू आणि मेण यांतून हे वाद्य घडतं. वादक वळेल तशी नाचणाऱ्यांची साखळी वळते. बोहाड्याला जायचं तर मोखाड्याचा बोहाडा साधारण होळीनंतर भरतो. तारीख मात्र गावात विचारूनच निघा.