जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीचे तेल



बेळगांवाहून गोव्याकडे जातांना चोर्ला घाटाच्या उतारावर माझ्या वडिलांची जुनी जावा मोटारसायकल एके दिवशी एकाएकी अडली. मागचे चाक जागच्या जागी थांबून फरफटूं लागले. क्लच दाबण्याचे भान वेळेवर राहिले, म्हणून आज आपल्याशी बोलतो आहे. घरी आल्यावर इंजिन उघडले, तो पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे उमटलेले. तेल मी कमी घातले नव्हते. उलट मायेपोटी हात सैल सोडूनच घातले होते. मग चूक कोठे झाली? त्या प्रश्नाचा शोध घेतांना जे उमगले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनांत तेल तळाशी साठलेले असते आणि तेंच ते पुनःपुन्हा फिरून यंत्राची सेवा करते. टू-स्ट्रोकची तऱ्हा निराळी. येथे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते; साहजिकच तेथे तेल साठवून ठेवण्याची सोय नाही. तेल पेट्रोलबरोबर येते, बेअरिंगांवर व सिलिंडरच्या भिंतीवर पातळ थर देते, वर जाऊन जळते आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. त्याचे आयुष्य एकाच फेरीचे. म्हणून या तेलापाशी दोन गुण हवेत : असेपर्यंत वंगण द्यावे, आणि जातांना मागे राख ठेवूं नये.

हे ध्यानांत घेतले की निवड सोपी होते. फोर-स्ट्रोकच्या तेलांत धातुयुक्त द्रव्ये मिसळलेली असतात. ती जळली म्हणजे राख होते. ती प्लगवर व पिस्टनच्या माथ्यावर बसते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका निर्माण होतो. घरी उरलेले मोटारीचे महागडे तेल या गाडीत घालणे ही काटकसरही नव्हे व औदार्यही नव्हे. होड्यांना मागे लावावयाच्या यंत्रांचे तेल गोव्याच्या किनाऱ्यावर सहज मिळते. परंतु ते पाण्याने थंड राहणाऱ्या यंत्रांसाठी असते. आपले इंजिन वाऱ्यावर थंड होते आणि पुष्कळ अधिक तापते. एरंडेलाची कीर्ती शर्यतींमुळे झाली आणि त्याचा वास अनेकांना प्रिय आहे; पण ते पेट्रोलांत नीट मिसळत नाही आणि मागे चिकट गोंद ठेवते. डब्यावर ‘टू-स्ट्रोक’ हे शब्द आणि जपानी प्रमाणसंस्थेची जासो एफ.सी. किंवा एफ.डी. ही खूण पाहून घ्यावे. गाडी जुनी म्हणून तेलही जुन्या पद्धतीचे हवे, हा निव्वळ भ्रम आहे.

आता प्रमाणाविषयी. जुन्या जावासारख्या गाड्यांस २५ भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे एका लिटरास ४० मिलिलिटर, असा परिपाठ होता. दहा लिटर पेट्रोलास ४०० मिलिलिटर झाले. नव्या तेलांच्या डब्यांवर ५० ला एक असे प्रमाण आढळते. परंतु जुन्या इंजिनांतील बुशी व बेअरिंगे त्या हिशेबाने घडवलेली नाहीत. गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. १९८५ साली आलेल्या यामाहा आर. एक्स. १०० सारख्या गाडीत तेलाची टाकी व पंप निराळे असतात. तेथे पंपाची जुळणी तपासणे महत्त्वाचे.

माझी पहिली चूक येथेच होती. तेल जास्त घातले की तितक्याच मिश्रणांत पेट्रोल कमी येते. हवा मात्र तेवढीच राहते. जळण कृश होते आणि इंजिन अधिक तापते. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो व भिंतीस धरतो. दुसरी चूक घाटांत झाली. उतारावर मी थ्रॉटल बंद ठेवून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरीत होतो. पेट्रोल थांबले तसे त्याच्याबरोबर येणारे तेलही थांबले, आणि इंजिन वेगाने कोरडेच फिरत राहिले. अशा उतारावर मधून मधून थ्रॉटल किंचित उघडावा, म्हणजे यंत्रास तेलाचा घोट मिळतो. वेग आवरण्याचे काम ब्रेकांवर सोपवावे.

गिअरबॉक्सचे तेल ही स्वतंत्र बाब आहे. तेथे ते जळत नाही, साठून राहते. जावात क्लचच्या प्लेटीही त्याच तेलांत बुडालेल्या असतात. मोटारीच्या काही नव्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लच घसरतो. अतिदाबाच्या काही गिअर ऑइलांतील गंधकयुक्त द्रव्ये पितळी व काशाच्या बुशींस बाधक ठरतात. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचे, ओल्या क्लचसाठी जासो एम.ए. खूण असलेले तेल निवडावे.

शेवटी एक नवी अडचण. २०२५ पासून देशांतील बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यांत गाडी महिनोन्महिने उभी राहिली, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तेल वर पेट्रोलांत राहते. कॉक तर तळाशीच! पहिला घोट तेलाविनाच इंजिनांत जातो. म्हणून मिश्रण निराळ्या डब्यांत, लागेल तेवढेच करावे, आणि गाडी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करावी.

म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्या कारखान्यांत या गाड्यांचे सिलिंडर आता नव्याने घडणार नाहीत. जे आहेत तेच जपावयाचे आहेत. माझ्या वडिलांजवळ मिश्रण मोजण्याचा एक लहानसा पत्र्याचा मापटा होता. अंदाज चांगला असल्याच्या घमेंडीत मी तो अडगळीत टाकला होता. सिलिंडर पुन्हा घासून नवा पिस्टन बसविला, त्या दिवशी तो शोधून काढला. आता तो टाकीशेजारीच टांगलेला असतो.