पीएचडी झाली, आता पुढे काय?



मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "पोरीची पीएचडी झाली. आता पोस्टडॉक करायचं म्हणते. म्हणजे अजून शिकायचंच का?"

पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नव्हे. ते पगारी काम आहे, पण मुदतीचं. बहुधा दोन-तीन वर्षांचं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडील कंपनीत परमनंट झाले त्या दिवशी पेढे वाटले होते. त्यामुळे 'टेंपररी' हा शब्द आपल्याला झोंबतो. माझे वडील शेवटपर्यंत विचारायचे, "तुझं कन्फर्मेशन कधी?"

पण संशोधन आपल्या गावाला परकं नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे पेनिसिलिन बनायचं, एवढं आपल्याला ठाऊक. पण तिथल्याच प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. चाकण ओलांडून नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत गेलात, तर जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेना दिसतील. तिथल्या निरीक्षणांवर जगभरचे पोस्टडॉक काम करतात.

आता जागा कशी मिळते ते सांगतो. पुष्कळ जागांची जाहिरातच येत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आपणच लिहावं लागतं. मी पहिल्यांदा एकच पत्र साठ जणांना पाठवलं. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. मग माझे गाईड म्हणाले, "अरे, ही लग्नपत्रिका आहे का सगळ्यांना वाटायला?" पुढच्या वेळी सातच प्राध्यापक निवडले. प्रत्येकाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचले आणि अर्ध्या पानात लिहिलं: मला काय येतं, तुमच्याकडे येऊन कोणता प्रश्न सोडवेन. चौघांनी उत्तर दिलं, एकाने बोलावलं.

हे काम प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधी सुरू करावं. फेलोशिपना मुदती असतात. आपल्याकडच्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला वयाची अट ३५ वर्षांची आहे. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपसाठी पीएचडीनंतर ८ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. दोन्हींत यजमान संस्थेची तयारी आधी लागते. म्हणून पत्र आधी, अर्ज नंतर.

पालकांना एक सांगतो. कायमच्या प्राध्यापकीच्या जागा कमी आहेत, हे मुलांपासून लपवू नका. पण घाईही करू नका. पोस्टडॉक किती वर्षं करायचा, ते आधीच ठरवा. त्यानंतर कुणी चाकणच्या कंपनीत संशोधन विभागात गेलं, तर ती हार समजू नका.

आपल्या मुलांनी लिहिलेलं पहिलं पत्र पाठवण्याआधी मला दाखवावं. मी लाल पेन घेऊन बसेन. ती सवय याच शाळेने लावली आहे.